छपाईच्या वेळीं थबकणारा ब्राउझर

घरांतील संगणक महिनोन्‌महिने निमूटपणें काम करीत असतो, आणि नेमकें ज्या दिवशीं परीक्षेचें प्रवेशपत्र, कराची पावती किंवा दूरच्या प्रवासाचें तिकीट छापून घ्यावयाचें असतें त्याच दिवशीं तो रुसून बसतो, अशी तक्रार बहुतेक सुशिक्षित घरांतून ऐकूं येते. तक्रारीचें स्वरूपहि ठराविक असतें. ब्राउझरमध्यें पान उत्तम दिसत असतें. छपाईची आज्ञा दिली जाते. पडद्यावर एक लहानसें वर्तुळ फिरूं लागतें, तें फिरतच राहतें. आणि मग खिडकी पांढुरकी होऊन तिच्या माथ्यावर ‘प्रतिसाद नाहीं’ अशा अर्थाचीं अक्षरें उमटतात. घरांतील एक जण पुन्हां पुन्हां बटण दाबतो, दुसरा प्रिंटरला थापट मारून पाहतो, आणि तिसरा हा ब्राउझरच कुचकामाचा म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला देतो.

या खटाटोपांत ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ असा प्रकार पुष्कळदां घडतो. काम अडलेलें डोळ्यांना दिसतें तें ब्राउझरच्या खिडकींत. परंतु तें तेथेंच अडलें असेल असें मुळींच नाहीं. दिसण्याची जागा आणि अडण्याची जागा या दोन निराळ्या असूं शकतात, एवढी एक गोष्ट नीट ध्यानांत ठेविली, तर या व्याधीचें निदान घरच्या घरीं करतां येतें. आणि निदान झालें म्हणजे उपाय सहसा सोपा असतो.

आज्ञा दिल्यापासून कागद बाहेर पडेपर्यंत छपाईचें काम चार हातांतून जातें. पहिला हात ब्राउझरचा. पडद्यावरील पान एखाद्या जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखें लांबच लांब असतें. कागद कोठें संपतो हें त्याला ठाऊक नसतें. ब्राउझरला तें सारें पान २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच अशा ए-४ कागदाच्या मापानें नव्यानें मांडावें लागतें. कोणती ओळ कोठें तोडावयाची, कोणतें चित्र पुढच्या कागदावर न्यावयाचें, हें सर्व त्यानें ठरवावयाचें असतें. दुसरा हात ड्रायव्हर नांवाच्या आज्ञावलीचा. हा एक दुभाषी होय. प्रत्येक प्रिंटरची भाषा थोडीफार वेगळी असते, आणि संगणकाचें म्हणणें त्या भाषेंत उतरविणें हें त्याचें काम. तिसरा हात स्पूलरचा. संगणक वेगवान आणि छपाईयंत्र संथ, म्हणून आलेलें काम आधीं टिपून ठेवावयाचें व एकामागून एक पुढें सोडावयाचें, ही व्यवस्था मोठमोठ्या संगणकांच्या आरंभीच्या काळापासून चालत आली आहे. कचेरींतील आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनासारखा हा स्पूलर रांग सांभाळतो. चौथा हात म्हणजे प्रत्यक्ष प्रिंटर.

येथें एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट आहे. काम या क्रमानें पुढें जातें हें खरें. पण तें निघण्यापूर्वींच ब्राउझर दुभाष्यामार्फत प्रिंटरला कांहीं प्रश्न विचारतो. कागद कोणत्या मापाचे आहेत, रंगीत छपाई होते काय, दोन्ही बाजूंनीं छापतां येतें काय, इत्यादि. या प्रश्नांचीं उत्तरें आल्यावांचून छपाईची खिडकी पूर्ण उघडत नाहीं. प्रिंटर बंद असेल, घरांतील वाय-फायवरून निघून गेला असेल, किंवा दोन वर्षांपूर्वीं विकून टाकलेल्या प्रिंटरचें नांव संगणकाच्या यादींत तसेंच राहिलें असेल, तर प्रश्न विचारणारा उत्तराची वाट पाहत उभा राहतो. खिडकी गोठली असें म्हटलें जातें तें पुष्कळदां हेंच. ब्राउझर निकामी झालेला नसतो. बंद दारावर थाप मारून तो आंतून ‘ओ’ येण्याची वाट पाहत असतो.

दुसरें कारण कामाच्या पसाऱ्याचें. इंचाला ६०० ठिपके या हिशेबानें एका ए-४ कागदावर सुमारें ३ कोटि ४८ लक्ष ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठीं तीन बाइट धरले, तर एका पृष्ठाचें ओझें १० कोटि बाइटांच्या वर जातें. ज्या पानाचें छपाईपूर्वीं संपूर्ण चित्रांत रूपांतर करावें लागतें, त्याच्यासाठीं जुन्या संगणकाला चांगलाच दम लागतो. आणि अशीं चाळीस पृष्ठें असलीं तर विचारावयासच नको. तेव्हां मंद झालेलें काम आणि अडलेलें काम यांत भेद केला पाहिजे. विंडोजमध्यें एखाद्या खिडकीनें सुमारें पांच सेकंद कोणत्याहि हालचालीला उत्तर दिलें नाहीं, कीं तिच्यावर ‘प्रतिसाद नाहीं’ हा शिक्का बसतो. पांच सेकंद म्हणजे कांहीं मृत्यूचा दाखला नव्हे. अशा वेळीं दोन-तीन मिनिटें हात जोडून बसणें हाच पहिला उपचार. पुन्हां पुन्हां बटण दाबल्यानें काम लवकर होत नाहीं. दाबलेली प्रत्येक आज्ञा रांगेंत जाऊन बसूं शकते, आणि वाट मोकळी झाली म्हणजे एकाच पावतीच्या सात प्रती कागद व शाई खाऊन बाहेर पडतात.

वाट पाहण्याच्या या अवधींत एक कर्तव्य मात्र विसरतां कामा नये, आणि तें म्हणजे पडद्यावर जें आहे तें वांचविणें. खरें नुकसान कागद न निघाल्यानें होत नाहीं. तें होतें अर्धा तास खपून भरलेला अर्ज नाहींसा झाल्यानें, किंवा पैसे भरल्याची पावती एकदांच दिसून लुप्त झाल्यानें. म्हणून खिडकी थबकली कीं, ती बंद करण्यापूर्वीं, पडद्याचें एक छायाचित्र हातांतील दूरध्वनियंत्रानें घ्यावें व अर्जाचा किंवा व्यवहाराचा क्रमांक कागदावर उतरून ठेवावा. पैसे भरल्यानंतरचें पान ‘पुन्हां आणा’ या आज्ञेनें ताजें करण्याचा मोह टाळावा. तसें केल्यानें भरलेली माहिती दुसऱ्यांदा पाठविली जाण्याचा संभव असतो. एवढें झालें म्हणजे मन शांत होतें, आणि शांत मनाच्या माणसालाच पुढील परीक्षा नीट करतां येतात.

पहिली परीक्षा अगदीं साधी. छपाईची लहान चौकट मोठ्या खिडकीच्या मागें तर दडलेली नाहीं ना, हें पाहावें. कित्येक पानांवर ‘छापा’ असें बटण पानाच्या कर्त्यानेंच ठेवलेलें असतें. तें दाबल्यावर चौकट उघडी असेपर्यंत त्या पानाचें बाकीचें सर्व काम थांबून राहतें. ही ब्राउझरची रीतच आहे. ती चौकट दुसऱ्या खिडकीआड गेली, कीं पाहणाऱ्याला पान निष्प्राण झाल्यासारखें वाटतें. आल्ट व टॅब या दोन कळा एकत्र दाबून खिडक्या चाळून पाहिल्या, कीं चौकट सांपडते. ती बंद केली, कीं पान पुन्हां बोलूं लागतें.

दुसरी परीक्षा ही या सर्व निदानाचा कणा होय. ज्याप्रमाणें नळाला पाणी येत नसल्यास शहाणा मनुष्य सगळा नळ उकरीत नाहीं, मधल्या चावीपाशीं पाणी येतें कीं नाहीं तें आधीं पाहतो, त्याप्रमाणें छपाईच्या वाटेवर मधोमध थांबून पाहावें. ब्राउझरमध्यें छपाईचें ठिकाण म्हणून प्रिंटरऐवजीं ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ हा पर्याय निवडावा. पीडीएफ हा कागदाचा हुबेहूब आकार राखणारा दस्तऐवज. अ‍ॅडोबी या संस्थेनें तो १९९३ सालीं बाहेर आणला, आणि २००८ सालीं तो आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाला. क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर पीडीएफ स्वतःच तयार करतात. त्यासाठीं प्रिंटर किंवा त्याचा दुभाषी यांची गरज लागत नाहीं. म्हणून पीडीएफ सुखरूप तयार झाली, तर पान व ब्राउझर हे निर्दोष ठरतात, आणि दोष पुढच्या तीन हातांत आहे असें समजावें. पीडीएफ करतांनाहि खिडकी गोठली, तर प्रिंटर बहुधा निर्दोष. शोध पानांत किंवा ब्राउझरमध्यें घ्यावा. एका परीक्षेनें अर्धा प्रदेश शोधांतून वगळला जातो, आणि शिवाय हातीं आलेली पीडीएफ शेजारच्या दुकानांत नेऊन छापून घेतां येते, हा लाभ वेगळाच.

कधीं कधीं मात्र हा पर्याय निवडण्याइतकीहि सवड मिळत नाहीं. चौकट उघडतांनाच ब्राउझर शेवटीं वापरलेल्या किंवा नेहमीच्या प्रिंटरची विचारपूस करावयास जातो आणि तेथेंच अडकतो. तेव्हां संगणकाच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ या भागांत जाऊन नेहमीचा प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टु पीडीएफ’ याची नेमणूक करावी. तत्पूर्वीं, नेहमीचा प्रिंटर विंडोजनें आपल्या मर्जीनें ठरवावा अशी जी सवलत तेथें असते ती बंद करावी, नाहींतर ती ही नेमणूक करूंच देणार नाहीं. यादींत जे प्रिंटर घरांत नाहींत त्यांचीं नांवें काढून टाकावीं. फायरफॉक्समध्यें जुन्या प्रिंटरची आठवण त्याच्या स्वतःच्या नोंदींतहि राहते. पत्त्याच्या जागीं ‘अबाउट:कॉन्फिग’ हें पान उघडून ‘प्रिंट_प्रिंटर’ ही नोंद मूळ स्थितीवर आणली, कीं ती पुसली जाते. क्रोममध्यें कंट्रोल, शिफ्ट व पी या तीन कळा एकदम दाबल्यास त्याची स्वतःची चौकट वगळून संगणकाची चौकट उघडते. पहिली गोठत असून दुसरी चालत असेल, तर दोष कोठें आहे हें सांगावयास नको.

आतां पीडीएफ झाली पण कागद निघाला नाहीं, अशी स्थिति घेऊं. येथें प्रथम प्रिंटरच्या स्वतःच्या फलकाकडे पाहावें. कागद संपला असेल, अडकला असेल, किंवा तांबडा दिवा लुकलुकत असेल. तेथें सर्व ठीक असेल तर संगणकाच्या यादींत त्या प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन ‘चाचणीचें पान’ छापण्याची आज्ञा द्यावी. या आज्ञेंत ब्राउझरचा कांहींच संबंध नसतो. तेंहि निघालें नाहीं, तर रांग उघडून पाहावी. पुष्कळदां तेथें पंधरा दिवसांपूर्वींचें एखादें मोडकें काम पहिल्या क्रमांकावर अडून बसलेलें असतें आणि मागचीं सर्व कामें त्याच्यामुळें खोळंबलेलीं असतात. तें रद्द करावें. रद्द होत नसल्यास ‘सर्व्हिसेस’ या यादींतून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. विंडोजच्या सिस्टिम३२ या कप्प्यांतील ‘स्पूल’मध्यें ‘प्रिंटर्स’ नांवाचा जो कप्पा आहे त्यांतील फाइली पुसाव्या, कप्पा मात्र ठेवावा. आणि स्पूलर पुन्हां सुरू करावा. रांगेंतील सर्वांचींच कामें यानें नष्ट होतात, म्हणून घरांत दुसऱ्या कोणाचें कांहीं छापावयाचें राहिलें आहे काय, हें आधीं विचारून घ्यावें. अ‍ॅपलच्या संगणकावर ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टिम’ ही आज्ञा असें काम करते, परंतु ती सगळे प्रिंटर यादींतून काढून टाकते; ते नव्यानें जोडावे लागतात, हें लक्षांत ठेवून ती शेवटचा उपाय म्हणून योजावी.

रांग मोकळी असूनहि काम पुढें सरत नसेल, तर पत्ता तपासावा. वाय-फायवरील प्रिंटरला घरचा राउटर एक आंकडी पत्ता देतो. वीज जाऊन आली किंवा राउटर बदलला, कीं हा पत्ता बदलूं शकतो. जुन्या बिऱ्हाडाच्या पत्त्यावर पत्र टाकीत राहावें आणि नातेवाईक उत्तर देत नाहींत म्हणून रुसावें, तसें मग संगणकाचें होतें. प्रिंटरच्या फलकावरून त्याचा आजचा पत्ता पाहून तो संगणकांतील पत्त्याशीं ताडून घ्यावा. दोन्हींत फरक दिसल्यास प्रिंटर यादींतून काढून पुन्हां जोडावा, आणि शक्य असल्यास राउटरमध्यें तो पत्ता त्या प्रिंटरसाठीं राखून ठेवावा. तरीहि भागलें नाहीं, तर दुभाषी बदलावा. म्हणजे प्रिंटर बनविणाऱ्या संस्थेच्या अधिकृत स्थळावरूनच नवा ड्रायव्हर आणावा. वाटेंत भेटणाऱ्या भलत्याच जाहिरातींवरून तो घेणें म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातीं देणें होय.

दोष ब्राउझरच्या बाजूला निघाला तर शोधाची दिशा निराळी. प्रथम दुसरें एखादें लहान व साधें पान छापून पाहावें. तें छापलें गेलें तर ब्राउझर ठीक, मूळ पानच अवजड. अशा पानाचीं सगळीं पृष्ठें न मागतां पहिलें किंवा हवें तेवढेंच पृष्ठ मागावें. पार्श्वभूमीचे रंग व चित्रें वगळावीं. अथवा हवा तो मजकूर निवडून तेवढाच छापावा. साधें पानहि छापलें जात नसेल, तर ब्राउझरला जोडलेल्या पुरवण्यांवर संशय घ्यावा. जाहिराती अडविणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या, व्याकरण तपासणाऱ्या या पुरवण्या पानाच्या मांडणींत हात घालीत असतात. क्रोमच्या खाजगी खिडकींत त्या सहसा निद्रिस्त असतात; फायरफॉक्सच्या मदतीच्या यादींत ‘ट्रबलशूट मोड’ म्हणून याच कामाची सोय आहे. तेथें छपाई सुरळीत झाली, तर पुरवण्या एकेक करून बंद कराव्या आणि अपराधी हुडकून काढावा. सर्व एकदम उडवून लावल्यास छपाई होईल खरी, पण अपराधी कोण तें कळणार नाहीं, आणि महिन्याभरानें तोच पाहुणा पुन्हां दारांत उभा राहील. ब्राउझर जुना झाला असल्यास तो अद्ययावत्‌ करणेंहि याच सदरांत येतें.

‘कालपर्यंत तर चालत होतें’ हें वाक्य अशा प्रसंगीं हमखास उच्चारलें जातें. तें तक्रार म्हणून निरुपयोगी, परंतु पुरावा म्हणून बहुमोल आहे. काल आणि आज यांमध्यें काय बदललें, असा प्रश्न त्यांतून निघतो. मार्च २०२१ मध्यें विंडोज १० ची एक मासिक दुरुस्ती येऊन गेल्यावर कित्येक संगणक छपाईची आज्ञा देतांच निळा पडदा दाखवून बंद पडूं लागले. ज्या आज्ञावलींतून छपाई करावी तिच्याच माथीं लोक दोष मारीत. वस्तुतः चूक त्या दुरुस्तींत होती, आणि मायक्रोसॉफ्टनें आठवड्याभरांत दुसरी दुरुस्ती काढून ती निस्तरली. त्याच वर्षीं पुढें स्पूलरमध्येंच एक धोक्याचें भगदाड सांपडलें. तें बुजवितांना नवा ड्रायव्हर बसविण्यास संगणकाच्या व्यवस्थापकाची परवानगी आवश्यक करण्यांत आली, आणि त्यामुळें अनेक कचेऱ्यांतून कालपर्यंत बिनतक्रार चालणारे प्रिंटर अकस्मात्‌ परवलीचा शब्द मागूं लागले. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचे असे प्रकार टाळावयाचे तर बदलाची तारीख पाहणें हा उत्तम मार्ग होय.

अडथळा एका जागीं आणि त्याची वार्ता दुसऱ्या जागीं नाहीं, ही व्यथा कांहीं आजची नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स संस्थेनें एक लेसर प्रिंटर दिला होता. त्यांत कागद अडकत असे, आणि ज्यांचें काम रांगेंत आहे त्यांना तें कळत नसे. प्रत्यक्ष यंत्रापाशीं चालत जावें तेव्हां सगळेंच ठप्प झालेलें दिसे. तेथील रिचर्ड स्टॉलमन या तरुण तज्ज्ञानें पूर्वींच्या प्रिंटरच्या आज्ञावलींत अशी सुधारणा केली होती, कीं कागद अडकला कीं वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना यावी. नव्या प्रिंटरची आज्ञावली मात्र बंदिस्त होती. ती ज्याच्याजवळ होती त्यानें गुप्ततेचें वचन दिलेलें असल्यामुळें ती देण्याचें नाकारलें. हा नकार स्टॉलमन यांच्या मनाला फार लागला, आणि आज्ञावल्या सर्वांना पाहावयास व सुधारावयास मोकळ्या असाव्या या विचाराला त्यानें बळ मिळालें; १९८३ सालीं त्यांनीं ‘ग्नू’ या मुक्त आज्ञावलींच्या योजनेची घोषणा केली. यंत्र बिघडतें याचें मनुष्याला इतकें दुःख होत नाहीं. तें कोठें बिघडलें हें कोणी सांगत नाहीं, याचें होतें.

घरच्या माणसाला आज्ञावली लिहितां येत नसली तरी ही मुकी वाट बोलकी करणें त्याच्या हातीं आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, ती बदलल्यावर पुन्हां छापून पाहावें, आणि काय झालें तें एका कागदावर दोन शब्दांत लिहावें. पीडीएफ झाली कीं नाहीं, चाचणीचें पान निघालें कीं नाहीं, दुसऱ्या पानाचें काय झालें, शेवटचा बदल कोणत्या तारखेचा, या चार नोंदी जवळ असल्या तर बहुतेक वेळां उपाय आपोआप सुचतो. तो न सुचला आणि दुरुस्ती करणाऱ्यास बोलवावें लागलें, तरी ‘संगणक बिघडला’ असें मोघम सांगण्याची पाळी येत नाहीं. आणि पहिल्या तासाचें शुल्क केवळ दोष कोठें आहे हें शोधण्यांतच खर्चीं पडत नाहीं. मुलाचें प्रवेशपत्र सकाळीं हवें असेल त्या रात्रीं असा चार ओळींचा कागद जवळ असणें हें नव्या प्रिंटरपेक्षांहि अधिक उपयोगाचें ठरतें.